गावापासून दीड मैलावर

कुही तालुक्यातल्या माझ्या आजोळचं रेल्वे स्टेशन गावापासून दीड मैलावर आहे. 'आहे' असंच म्हणते, कारण इमारत उभी आहे. गाडी मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. नागपूर-नागभीड हा १०६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज करायचा ठरला आणि आमची छोटी गाडी बंद झाली. इतवारी, भांडेवाडी, दिघोरी, तितूर, कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड, टेंपा, नागभीड. ही नावं आमच्या घरात लहान पोरांनाही क्रमाने तोंडपाठ असत. आजोळच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या मार्गावरच्या कुठल्याही लहान स्टेशनाची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

गाडी बंद झाल्यावर एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला. स्टेशनावर नाव गावाचं, तिकिटावर नाव गावाचं, मग स्टेशन गावात का नाही? एवढं अंतर डोक्यावर टोपलं घेऊन, कडेवर पोर घेऊन, मे महिन्याच्या उन्हात तुडवायला कोणी आणि कशासाठी लावलं? मामाला विचारलं तर तो म्हणाला, "थे आपल्यासाठी थोडीच आली होती? येऊन राहिली होती, तं आपण चढलो." आणखी विचारत, वाचत, रुळाच्या कडेने हिंडत गेले, तसं मामाचं म्हणणं शब्दशः खरं निघत गेलं.

नागपूरला पहिली रेल्वे १८६७ साली आली, मुंबईकडून, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. तिला कापूस हवा होता. पूर्वेकडे १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत गेली, ती मीटरगेज. पुढे १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि कलकत्त्याच्या दिशेने पुढे नेला. म्हणजे नागपूरला दोन्ही बाजूंनी मोठ्या गाड्या आल्या. मधल्या जंगलपट्टीत आणि धानपट्टीत मात्र बैलगाडीशिवाय काही नव्हतं.

मग दुष्काळ पडले. १८९६-९७ चा आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. मध्य प्रांताला दोन्हींनी इतकं पिळून काढलं, की १९०१च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली. दुष्काळी भागात धान्य पोचवायला रेल्वे हवी, असं सरकारी आयोग १८८० पासून सांगत होते. ते खरंही होतं. पण ज्या रुळांवरून धान्य आत येतं, त्याच रुळांवरून ते बाहेरही जातं. जिकडे भाव चांगला, तिकडे डबे वळतात. या दोन्ही हिशेबांतून सातपुड्याच्या आणि वैनगंगेच्या परिसरात नॅरोगेजचं जाळं विणलं गेलं. गोंदियाहून उत्तरेला नैनपूरमार्गे जबलपूरकडे, दक्षिणेला नागभीडमार्गे चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, आणि १९०८च्या सुमारास नागपूरहून उमरेडवरून नागभीडला. आमच्या गावाजवळून गेली ती ही शेवटची.

नॅरोगेज का, हेही समजून घेण्यासारखं आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. आमच्या छोट्या गाडीचं ७६२, म्हणजे निम्म्याहूनही कमी. रूळ हलके, पूल लहान, भराव अरुंद आणि वळण कितीही आवळून घेता येतं. टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालायचा, तलाव बुजवण्याऐवजी त्याच्या पाळीकडेने जायचं. पूर्व विदर्भात जागोजागी मालगुजारी तलाव आहेत, आज ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. त्यांच्या मधून वाट काढायला ही रुंदी सोयीची होती. कमी पैशांत होणारी, कमी वेगाने चालणारी, पण जिथे दुसरं काही पोचणार नाही तिथे पोचणारी गाडी.

आता दीड मैलाचं उत्तर. स्टेशनाला सपाट आणि सरळ जमिनीचा लांब पट्टा लागतो. दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढी जोडलाइन टाकायची आणि उभा डबा ब्रेक सुटला तरी घरंगळता कामा नये. म्हणून यार्डाला उतार जवळजवळ नसतोच. एकेरी मार्गावर अशी ठिकाणं ठरावीक अंतराने लागतात, नाहीतर गाड्या खोळंबतात. इंजिनियरने नकाशावर अंतर मोजलं, सपाट जागा शोधली आणि खूण केली. आमचं गाव उंचवट्यावर वसलेलं, पावसाळ्यात घरात पाणी शिरू नये म्हणून. त्या खुणेच्या सगळ्यात जवळचं नाव आमच्या गावाचं होतं, तेवढं त्यांनी घेतलं. याच मार्गावर पवनी रोड स्टेशन आहे. तिथे उतरलं तर पवनी अजून बरीच पुढे असते. नाव गावाचं आणि जागा रेल्वेच्या सोयीची, अशी स्टेशनं देशभर आहेत.

रुळाच्या दोन्ही बाजूंना आमच्याकडे लांबट खड्डे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत पाणी साचतं, काही ठिकाणी ढिवर लोक, म्हणजे मासेमारी करणारे, शिंगाडा लावतात. लहानपणी आम्ही तिथे बेडूक पकडायचो. हे खड्डे कोणी खणले, हे मला फार उशिरा कळलं. भराव घालायला माती लागते आणि ती शेजारूनच उपसतात. मजुरी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफूट मातीमागे. किती खणलं ते मोजता यावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवत. साहेब येऊन त्या खांबावरून खोली मोजे, मग पैसे. मोजून झालं की तो खांबही पाडायचा. ज्या हातांनी ही माती उचलली त्यांच्यातल्या कोणाचंही नाव कुठल्या पाटीवर नाही. नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ मध्ये उघडलेलं. इंजिनं, डबे, दिवे, उपकरणं फार प्रेमाने जपलेली आहेत आणि नागपूरकरांनी ते पाहायलाच हवं. पण माझ्या मते या मार्गाचा सगळ्यात जुना दस्तऐवज ते खड्डे आहेत, आणि नव्या भरावाखाली ते एकेक करून बुजतायत. कोणीतरी निदान त्यांचे फोटो काढून ठेवावेत, असं मनापासून वाटतं.

स्टेशनाची इमारत लहान. एक खोली मास्तरची, तिला तिकिटाची खिडकी, बाहेर पडवी, पडवीत लाकडी बाक. प्लॅटफॉर्म म्हणजे मुरूम टाकून चोपलेली जमीन, रुळाच्या पातळीची. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. आपलं गाव समुद्रापासून तीनशे मीटर उंचीवर आहे, ही माहिती गावातल्या कोणाच्याच उपयोगाची नव्हती. पण नागपूरचे पाहुणे आले की मामा ती आवर्जून सांगे.

आत भिंतीवर घड्याळ होतं. त्या घड्याळाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मला या सगळ्यात सर्वांत मोठं वाटतं. १९०६च्या १ जानेवारीपर्यंत भारतात एक वेळ नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत आणि शहरं आपापल्या सूर्यावर. त्या दिवसापासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमचा मार्ग आला. म्हणजे आमच्या पंचक्रोशीत घड्याळ आलं तेच ही नवी वेळ घेऊन. रोज दुपारी चार वाजता रेल्वेच्या नियंत्रण कक्षाकडून वेळेचा इशारा येई आणि मास्तर काटा जुळवून घेई. गावात घड्याळं यायला अजून दोन पिढ्या लागायच्या होत्या, पण गाडीची शिट्टी दीड मैलावरून ऐकू येई. सकाळची गाडी गेली की निंदायला जायचं, दुपारची गेली की भाकर सोडायची, संध्याकाळची आली की गुरं परतायला हवीत. आजी कुठलीही आठवण 'गाडीच्या आधी' आणि 'गाडीच्या मागून' अशीच सांगे. गाडीला उशीर झाला की गावाची दुपारही लांबे.

मास्तरच्या खोलीत लाल रंगाची लोखंडी यंत्रं होती. पुढच्या स्टेशनाने परवानगी दिली की त्यातून एक गोळा बाहेर पडे. तो गोळा कड्याच्या झोळीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, आणि एका वेळी त्या टप्प्याचा एकच गोळा बाहेर निघू शकतो. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून केलेली ही तजवीज किती साधी आणि किती पक्की आहे! पोरांना ती जादू वाटे. तिकीट जाड पुठ्ठ्याचं, बोटभर लांबीचं. ते यंत्रात सरकवून मास्तर तारीख उमटवायचा. त्याचा ठक्क आवाज ऐकला की प्रवास सुरू झाला असं वाटे, मग गाडी तासाभराने का येईना.

बाकाच्या पाठीवर बी.एन.आर., म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे, असं कोरलेलं होतं. ती कंपनी १९४४ मध्ये सरकारने घेतली. १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, तिचं मुख्यालय बिलासपूरला. मालक बदलत गेले, बाक तोच राहिला.

हे सगळं झालं रेल्वेच्या बाजूचं. कुठल्याही गॅझेटियरमध्ये थोडंफार सापडेल. जे सापडणार नाही ते असं, की मालासाठी टाकलेला हा मार्ग माणसांनी कसा हळूहळू ताब्यात घेतला.

आधी धान, मिरची, बांबू, मोहफुलं जात. भिवापूरच्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिचं नाव नागपूरच्या बाजारात झालं ते या डब्यांमुळे असं मामा छातीठोकपणे सांगतो. मग धानाच्या पोत्यांसोबत धानवाला बसायला लागला. त्याच्या मागून भाजीवाल्या बायका आल्या. वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, वालाच्या शेंगा, बोरं. प्लॅटफॉर्म जमिनीलगत आणि डब्याचा पायठाण ठेंगणा, त्यामुळे डोक्यावरचं टोपलं उतरवून थेट डब्यात सरकवता येई. एकमेकींना हात द्यायची गरजही कमीच पडे. नागपुरातल्या इतवारीला उतरायचं, जवळच्या वस्त्यांमध्ये दारोदार विकायचं, मीठ-तेल-चहापत्ती घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येणं ही गोष्ट ज्यांच्याजवळ मोटारसायकल आहे त्यांना क्षुल्लक वाटेल. एका बाईला रात्र बाहेर न काढता शहरात स्वतःचा माल स्वतः विकता येणं, हे त्या गाडीमुळे झालं. माझ्या मामीने दोन पोरींची शिक्षणं सांबारावर केली. तिच्याकडे जमीन फार नव्हती, पण सकाळची गाडी होती.

उमरेडच्या शाळा-कॉलेजात जाणारी पोरं, मेयो हॉस्पिटलला पेशंट घेऊन निघालेली घरं, लग्नाची वऱ्हाडं, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा पाहायला गावोगाव फिरणारे शौकीन, झाडीपट्टीची नाटकं पाहून पहाटेच्या गाडीत पेंगत परतणारे तरुण, सगळे याच डब्यांमध्ये. गाडीचा वेग असा, की खिडकीतून ओळखीच्या शेतात काम करणाऱ्याशी दोन वाक्यं बोलून होत. ड्रायव्हर-गार्ड पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कोणी हात हलवत पळत येतंय असं दिसलं, तर गाडी थोडी रेंगाळे. नियमांत हे कुठेही नव्हतं.

आणि १९५६. आजी तेव्हा नवी सून होती. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब धम्मदीक्षा देणार, ही खबर गावात आधीच पोचली होती. आमच्या मोहल्ल्यातली बहुतेक घरं निघाली. काही पायी, काही बैलगाडीने, आणि आजी-आजोबा छोट्या गाडीने. पांढरं लुगडं आदल्या दिवशी तलावावर धुऊन वाळवलेलं. आजी सांगे, की त्या दिवशी स्टेशनावर उभं राहायला जागा नव्हती आणि डब्यात कोणी कोणाची जात विचारत नव्हतं, कारण सगळे एकाच ठिकाणी आणि एकाच कामाला चालले होते. गावातल्या विहिरीवर जिला वेगळं उभं राहावं लागे, ती बाई खिडकीजवळच्या जागेवर बसून नागपूरला गेली. पुढे दरवर्षी अशोकविजयादशमीला ती याच गाडीने दीक्षाभूमीवर जात राहिली, पाय चालेनात तोवर. माझ्यासाठी या स्टेशनाचा इतिहास तिथेच सुरू होतो. त्याआधीचा सगळा रेल्वेचा इतिहास आहे.

उतरणीची गोष्ट लांबवत नाही. १९९२ मध्ये देशभर एकच गेज करायचं धोरण आलं. गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट हा मार्ग नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आमचा मार्ग तेवढा अरुंद राहिला, नागभीडला पोचून अडकलेला. नागभीडला उतरायचं, पूल ओलांडायचा, मोठी गाडी धरायची. मालवाहतूक संपली, कारण पोती एका डब्यातून दुसऱ्यात कोण भरणार? उमरेडचा रस्ता सुधारला, जिपा आल्या, घरटी मोटारसायकल आली. आमच्या स्टेशनावरचा मास्तर गेला, मग तिकिटं विकायला कमिशनवर गावातलाच एक जण बसू लागला. शेवटी ज्यांना दुसरा पर्याय परवडत नव्हता तेच गाडीत उरले. आकडेवारीत ते तोट्याच्या बाजूला दिसतात.

मार्ग रुंद करू नये, असं मी म्हणणार नाही. उमरेडच्या खाणींचा कोळसा, चंद्रपूर-गडचिरोलीकडून नागपूरला येणारी माणसं, दक्षिणेकडे जायला जवळचा मार्ग, ही सगळी कारणं खरी आहेत. महारेल या राज्य सरकार आणि रेल्वेच्या भागीदारीतल्या कंपनीकडे हे काम आहे आणि ते व्हावं असंच मामालाही वाटतं. माझी तक्रार मधल्या काळाबद्दल आहे. गाडी काढून घेतली तेव्हा तिच्या जागी काय देणार, हे गावाला कोणी सांगितलं नाही. काळीपिवळी जीप टोपल्याचे वेगळे पैसे घेते आणि माणसं भरेस्तोवर हलत नाही. भाजीवाल्या बायकांपैकी बहुतेकींनी जाणं सोडलं. आता माल गावातच व्यापाऱ्याला देतात, तो म्हणेल त्या भावाने. पोरी बारावीनंतर उमरेडला जायच्या, त्यांतल्या काहींची लग्नं लवकर उरकली गेली. हे कुठल्या अहवालात मोजलं जाईल असं मला वाटत नाही, पण आमच्या गल्लीत ते घर दाखवून सांगता येतं.

आणि पुढची धास्तीही तीच आहे, जी १९०८ सालीही असायला हवी होती. वेगाच्या गाडीला दर आठ-दहा किलोमीटरवर थांबणं परवडत नाही. कुठे थांबायचं हे पुन्हा नकाशावर ठरेल, सपाट जागा आणि अंतर पाहून, आणि आता तिकिटांची विक्री पाहूनही. गाडी नसलेल्या वर्षांतली विक्री शून्यच असणार. ब्रॉडगेजचा डबा जमिनीपासून इतका उंच, की उंच प्लॅटफॉर्म बांधला नाही तर टोपलं घेऊन चढणं म्हाताऱ्या बाईच्या आवाक्यात राहणार नाही. जुन्या लाइनला कुठूनही ओलांडून शेतात जाता येई. नव्या लाइनखाली बोगदा कुठे असेल आणि त्यात पावसाचं पाणी किती दिवस साचून राहील, हा बैलगाडीवाल्यांचा प्रश्न आहे. वाघांच्या वाटांचा विचार या मार्गाच्या चर्चेत झाला आणि तो व्हायलाच हवा होता. उमरेड-कऱ्हांडलाचं जंगल जवळ आहे. माणसांच्या वाटांचाही तितक्याच बारकाईने व्हावा.

गावाने थांब्यासाठी अर्ज केलाय. मजकूर मामाने सांगितला, मी लिहिला. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन पॅसेंजर, उंच प्लॅटफॉर्म, पाण्याचा नळ आणि गावापर्यंतच्या दीड मैल रस्त्याचं डांबरीकरण, एवढंच मागितलंय. सह्या गोळा करताना मामी चुलीपुढे होती. अर्ज तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला, हात पदराला पुसले, सही केली आणि म्हणाली, "दोन गाड्या लिवल्या थे बरं केलं. पण वेळ बी लिव, बाई. सकाळी आठाच्या आत इतवारीत उतरवत असन तं कामाची. बारा वाजता उतरून मी सांबार कोणाले इकू?"

वेळही लिहिली.